दोन खण, पडवी समाईक

दादाने, म्हणजे माझ्या आत्याच्या मुलाने, आत्याच्या जागेच्या भाडेपावतीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तेव्हा मी हिंजवडीकडच्या एका टॉवरच्या चौदाव्या मजल्याचा नकाशा काढत बसले होते. घरांचे नकाशे काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. पावती पिवळी पडलेली, घड्यांवर विरलेली, आणि तिच्यावर टाकाच्या सुरेख अक्षरात लिहिलेलं : ‘तळमजला, दोन खण. पडवी, न्हाणी व संडास समाईक. भाडे दरमहा रु. 11.’ साल 1956. खाली आतोबांची सही.

पाठोपाठ दादाचा मेसेज. ‘बिल्डरच्या ऑफिसातला मुलगा विचारतोय, दोन खण म्हणजे किती स्क्वेअर फूट? तू सांग, तुझा धंदाच आहे.’

धंदा माझाच, पण उत्तर काही मला येईना. खण हा शब्द मी जन्मापासून ऐकला आहे. चोळीचा खण, कपाटाचा खण, ओटीतला खण. ‘आत्या दोन खणांत राहते’ हे वाक्यही ‘आत्याला साखर कमी लागते’ इतक्याच सहजपणे आमच्या घरात बोललं जायचं. पण आत्याचे ते दोन खण लांबीला किती, रुंदीला किती, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं कारणही पडलं नव्हतं. आता पडलं, कारण वाडा पाडायचा ठरला होता आणि नव्या इमारतीत प्रत्येक भाडेकरूला जुन्या जागेच्या हिशेबाने जागा मिळणार होती.

शनिवारी टेप घेऊन जायचं ठरलं.

मी मेट्रोने गेले. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा जमिनीखालचा टप्पा 2024च्या सप्टेंबरात सुरू झाला, तेव्हापासून कसब्यात गाडी लावायला जागा शोधणं हा माझ्या आयुष्यातला एक ताप कमी झालाय. सरकत्या जिन्याने वर येता येता दरवेळी मला कात्रजचं पाणी आठवतं. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत जमिनीखालून बंदिस्त नळ बांधून घेतला. पंप नाही, काही नाही, नुसत्या उताराच्या जोरावर पाणी पेठांमधल्या हौदांत येऊन पडायचं. मधे मधे हवा सुटायला आणि गाळ काढायला उभे दगडी मनोरे, त्यांना म्हणायचे उच्छ्वास. पाण्याच्या नळाला श्वास सोडायची सोय करून देणाऱ्या आणि तिला हे नाव देणाऱ्या माणसांचं मला फार कौतुक वाटतं. आमच्या नकाशात त्याच कामाच्या गोष्टीला ‘डक्ट’ म्हणतात.

कसब्याला पेठ म्हणायचं ते शेजारच्या पेठांच्या सोबतीने. पेठा नंतर वसल्या, कसबा आधीपासून होता. कसबे पुणे म्हणजे मूळचं गाव. वारांची नावंही बऱ्याच पेठांना नंतर चिकटली. सोमवार पेठ आधी शहापूर होती, रविवार म्हणजे मलकापूर, मंगळवार म्हणजे अस्तापुरा, शनिवार म्हणजे मुर्तुजाबाद. ‘आम्ही मुर्तुजाबादचे’ असं म्हणणारा शनिवारपेठी माणूस मला एकदा भेटायला हवा आहे.

वाट थोडी वाकडी करून मी तांबट आळीतून गेले. लहानपणी आत्याकडे यायचं म्हणजे आधी ही आळी कानांना लागायची. तांब्याच्या पत्र्यावर पडणारे ठोके, शेकडो, एकाच्या अंगावर एक. भांड्याला ठोके देऊन घट्ट करतात, त्याला मठारणं म्हणतात. आता ठोके ऐकू येतात पण मोजता येतील इतकेच. दोन-तीन घरांतून काम चालू होतं. एका ओट्यावर बंबाऐवजी हॉटेलात लटकवायच्या दिव्यांच्या तांब्याच्या छत्र्या रचून ठेवल्या होत्या. वाईट वाटायचं काही कारण नाही. बंब कोण घेतंय?

आत्याचा वाडा कुंभार वेशीकडे, नदीच्या अंगाला उतरणाऱ्या बोळात. त्याचं नाव सांगत नाही, कारण मालकांचे सतरा वारस आहेत आणि त्यातल्या काहींचा अजून एकमेकांशी अबोला आहे. दार मोठं, सागवानी, लोखंडी पट्ट्या मारलेलं, आणि त्या दाराच्या पोटात दिंडी. मोठा दरवाजा मी आयुष्यात एकदाच उघडलेला पाहिला, तोही आत्याला नेलं तेव्हा. एरवी सगळ्यांनी दिंडीतून, मान खाली घालून, पाय उचलून. दिंडीचा उंबरा इतका उंच की बेसावध माणूस पडतोच. शत्रू एकेक करून आणि वाकून आत यावा म्हणून अशी दिंडी, असं आतोबा सांगत. मी मोठी झाले आणि मला कळलं की सतराशे-अठराशेच्या कुठल्याही शत्रूपेक्षा त्या उंबऱ्याने दूधवाल्यांना जास्त पाडलं असेल.

आत शिरलं की डाव्या-उजव्या हाताला देवड्या. पहारेकऱ्यांनी बसायच्या जागा. माझ्या आठवणीत एका देवडीत सायकली आणि दुसऱ्या देवडीत शिंपीकाकांचं मशीन. मग चौक. फरसबंदी, मधे तुळशीवृंदावन, कोपऱ्यात आड, आणि चारी बाजूंनी पडव्या. पडवीच्या मागे खोल्या. वर माडी. जिना भिंतीच्या पोटातून जाणारा, अंधारा, खडा, धरायला लोंबता दोर.

दादा चौकातच उभा होता. त्याच्या शेजारी बिल्डरच्या ऑफिसातला मुलगा, पंचविशीचा, हातात लेसरचं माप घ्यायचं यंत्र. माझी टेप बघून तो गालात हसला.

“मॅडम, खण म्हणजे रूम ना?”

“नाही रे.”

आणि मग मला समजावून सांगावं लागलं, आणि सांगता सांगता माझंच मला नीट कळत गेलं.

पुण्याचा वाडा बाहेरून भिंतींचा वाटतो. जाड भिंत, खिडक्या कमी, रस्त्याकडे पाठ केलेली. पण वाडा भिंतींवर उभा नसतो, तो लाकडावर उभा असतो. आधी दगडी जोतं. जोत्यावर दगडी तळखडे, एका ओळीत, ठरावीक अंतरावर. प्रत्येक तळखड्यावर सागाचा खांब, म्हणजे जमिनीची ओल लाकडाला चढत नाही. खांबांच्या माथ्यावर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्यांचे पाट. हा झाला कडीपाट. त्याच्यावर माती घालून, ठोकून वरच्या मजल्याची जमीन. इतकं झालं की घर उभं राहिलं. भिंती मागाहून येतात. विटा आणि मातीने खांबांमधल्या मोकळ्या जागा भरून काढायच्या. पाहिजे तिथे भराव्यात, नको तिथे सोडून द्याव्यात. भरल्या तर खोली, सोडल्या तर पडवी.

आणि दोन खांबांमधलं जे अंतर, तो खण. साधारण पाच फूट, कुठे त्याहून थोडा जास्त. सागाची तुळई जेवढं ओझं न वाकता पेलेल तेवढा. लाकडाची ताकद आणि सुताराची अक्कल यांनी मिळून ठरवलेलं हे माप आहे. वाडा सांगायचा तो खणांत : पाच खणी सोपा म्हणजे ओसरी, सात खणी दिवाणखाना. दर्शनी बाजूला खण शक्यतो विषम, म्हणजे दरवाजा बरोबर मधल्या खणात बसतो.

“म्हणजे मॅडम, ग्रिड,” मुलगा म्हणाला.

बरोबर होतं त्याचं. मी रोज संगणकावर जे टाकते तेच. मला इतकी वर्षं ते सुचलं नव्हतं याची थोडी लाज वाटली.

फरक एवढाच की आमच्या ग्रिडमध्ये खांब लपवायचा असतो. भिंतीत, कपाटात, कुठल्यातरी कोपऱ्यात ढकलायचा. ‘कॉलम दिसतोय’ ही ग्राहकाची तक्रार असते. वाड्यात खांब मिरवतो. विश्रामबागवाडा पाहिला असेल तर कळेल. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. त्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब आणि वरची केळफुलं बघायला लोक रस्त्यात थांबतात आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या शिव्या खातात. आत्याच्या वाड्यातल्या खांबांना असलं काही नव्हतं. चौकोनी, कडा मारलेले, हात लागून लागून कमरेच्या उंचीला काळे-गुळगुळीत झालेले.

भिंती उसन्या आणि लाकूड खरं, याचा पुरावा आमच्या घरात एकाच तारखेला सापडतो. 12 जुलै 1961. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही गेलं आणि मुठा काठच्या पेठांमध्ये शिरली. दादा तेव्हा आत्याच्या पोटात होता, सातवा महिना. पाणी येतंय म्हणून ओरडा झाला तेव्हा आत्याने चुलीवरचा भात उतरवला, झाकण ठेवलं आणि माडीवर गेली. भाताचं पातेलं वर का नेलं नाहीस, असं आतोबा तिला पुढची तीस वर्षं विचारत होते. संध्याकाळी पाणी ओसरलं. खाली येऊन बघतात तर मागची भिंत नाही. मातीच ती, विरघळली. पुढची अर्धी गेलेली. आणि खांब जागच्या जागी, तुळया जागच्या जागी, माडी जशीच्या तशी, खालून आरपार नदी दिसतेय. ‘घर नेसूचं सुटल्यासारखं उभं होतं,’ असं आत्या म्हणायची.

शेजारच्या बोळातली कित्येक घरं मात्र बसली ती बसलीच. त्यांतली माणसं गोखलेनगरला, लोकमान्यनगरला गेली. काही जण सुरुवातीला अर्धगोल पत्र्याच्या निसन हटमध्ये राहिली. आत्याकडे गवंडी आला, खांबांमधली जागा पुन्हा विटांनी भरली, वर गिलावा केला, आणि दोन महिन्यांनी त्याच दोन खणांत दादा जन्मला. भाडं अकरा रुपयेच.

त्या अकरा रुपयांबद्दल सांगायला हवं, कारण वाडे कशाने पडले याचं उत्तर वाळवीपेक्षा तिथे जास्त आहे.

हे वाडे भाडेकरूंसाठी बांधलेले नव्हतेच. सरदार, सावकार, कारकून, भिक्षुक यांच्या एकेका कुटुंबाची ती घरं. 1818 साली पेशवाई संपली, त्याबरोबर अनेकांचं उत्पन्न संपलं, आणि एवढा मोठा वाडा सांभाळायचा कशाने म्हणून एकेक खण भाड्याने निघू लागला. तबेल्यात बिऱ्हाड, कोठीत बिऱ्हाड, मुदपाकखान्यात दोन बिऱ्हाडं. पुढे शिक्षणाला, नोकरीला पुण्यात आलेली माणसं भरत गेली. मग युद्धाच्या काळात जागांची टंचाई झाली, 1947चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला आणि 1940 सालचं भाडं हे प्रमाण धरलं गेलं. तात्पुरता म्हणून आलेला कायदा पन्नासेक वर्षं टिकला. 1999च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली. अकरा रुपयांवर चार टक्के किती होतात ते मालकाने एकदा आतोबांना चौकात उभं राहून मोजून दाखवलं होतं : चव्वेचाळीस पैसे. ‘यात मी कौलं शाकारू का अण्णा?’ असं तो म्हणाला होता म्हणे. आतोबांचं उत्तर वाड्यात प्रसिद्ध होतं. ‘शाकारू नका. पण गळतंय म्हणून सांगितलं नाही असं म्हणू नका.’

दोघंही आपापल्या जागी खरे होते. मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती, भाडेकरूला जागा सोडणं परवडत नव्हतं आणि महापालिका दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाडा म्हणून नोटीस चिकटवून जात होती. जिथे तुळई वाकली तिथे टेकू. चौकात मी मोजले, नऊ टेकू होते. काही लाकडी, काही लोखंडी, एक तर चक्क जुन्या विजेच्या खांबाचा तुकडा.

शनिवारवाड्याच्या आसपासच्या लोकांचं दुखणं आणखी वेगळं. तो केंद्राचं संरक्षित स्मारक, आणि 2010च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. म्हणजे तिथला वाडा पडू शकतो, डागडुजी परवानगीने होऊ शकते, पण पाडून नवा उभा राहू शकत नाही. गंमत अशी की ज्याच्यासाठी ही शंभर मीटरची रेघ, त्याच्या आत घर असं काही उरलेलंच नाही. जुन्नरच्या रानातला साग, चिंचवडच्या खाणीतला दगड, जेजुरीच्या पट्ट्यातला चुना आणून 1732 साली तो उभा केला, आणि 1828च्या आगीत लाकूड होतं तेवढं सगळं गेलं. उरला तट, दरवाजे आणि जोती. माझ्या मते पुण्यातल्या वाड्यांबद्दल सगळ्यात खरं बोलणारी जागा तीच. लाकूड काढून घेतलं की काय राहतं ते तिथे गवतात दिसतं.

आमचा वाडा त्या रेघेबाहेर पडला, म्हणून निदान बिल्डर तरी आला.

मुलगा लेसर घेऊन खोलीत गेला. दादाने कुलूप काढलं तेव्हा आतून तोच वास आला : ओल, रॉकेल आणि उदबत्ती. रॉकेल या घरात गेली वीस वर्षं आलेलं नाही. फडताळाची दारं उघडी, कोनाड्यात देवांच्या तसबिरींचे पांढरट चौकोन, भिंतीत खुंट्या. हे एक मला आजच्या घरांत कुठे बसवता येत नाही, भिंतीच्या जाडीचा असा उपयोग. दीड-दोन फूट जाड भिंत म्हणजे कपाट भिंतीतच, देवघर भिंतीतच, दिवा भिंतीतच. जमीन पूर्ण मोकळी. दिवसा जेवायची खोली, दुपारी शिवणाची, रात्री सात माणसांची झोपायची. सात माणसं. आत्या, आतोबा, आजेसासू, सासूबाई, दीर, दादा आणि ताई. पुढे दिराचं लग्न झालं तेव्हा आठ, आणि आतोबा पडवीत झोपायला लागले.

इथे मला स्वतःला आवरायला हवं. मी इथे सुट्टीत यायचे. आंबे, पत्ते, चौकात चिंचोके, रात्री पडवीत ओळीने अंथरुणं आणि कौलांवर मांजरांची पळापळ. माझ्या आठवणीतला वाडा आठ दिवसांचा आहे. आत्याचा वाडा बासष्ट वर्षांचा. तिला एकदा एका हेरिटेज वॉकवाल्या घोळक्याने विचारलं होतं, आजी, वाड्यातलं जुनं जीवन किती छान ना? आत्या गव्हाचं पीठ चाळत होती. ती म्हणाली, ‘वाडा वाडा करणारे सगळे ब्लॉकमध्ये राहतात.’ आणि चाळणी आपटली.

तिला सकाळी संडासच्या रांगेत डबडं घेऊन उभं राहावं लागायचं, आणि पुढे मालकांचे म्हातारे आले तर नंबर सोडावा लागायचा. तिला नवऱ्याशी दोन शब्द भांडायचे असले तरी ते कुजबुजत भांडावे लागायचे, कारण पार्टिशन फळ्यांची. मधल्या खोलीला खिडकी नव्हती. भरदिवसा दिवा. चौकाचं ऊन दाखवणारे फोटो खूप निघतात, त्या खोलीचे निघत नाहीत.

आणि कोणी कुठवर यायचं याचा एक न लिहिलेला नकाशाही प्रत्येक वाड्यात असायचा. आलागेला देवडीपर्यंत. ओळखीचा ओसरीपर्यंत. जातीतला माजघरापर्यंत. पलीकडे सोवळं. भंगीण मागच्या बोळातून, चौकाला वळसा घालून. बायकांची वाट उलटी, आतून सुरू होऊन ओसरीच्या अलीकडे संपणारी. वाड्याचं सौंदर्य सांगताना हा नकाशा वगळला तर ते अर्धंच सांगणं होतं. म्हणून मला बुधवार पेठेतला भिडे वाडा फार महत्त्वाचा वाटायचा. 1848 साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी तिथे मुलींची शाळा काढली. त्याच दिंड्या-उंबऱ्यांच्या बांधकामात, त्याच पेठेत. लाकूड तेच, माती तीच, वाट मात्र बदलली. मी पाहिला तेव्हा त्याच्या वरच्या मजल्याला आकाश दिसत होतं. वर्षानुवर्षांच्या खटल्यानंतर 2023च्या डिसेंबरात तो उतरवला, आता तिथे स्मारक व्हायचं आहे. स्मारक होऊ दे. पण त्या खोलीत मुली किती खणांत बसत होत्या ते आता मोजता येणार नाही.

लेसरने लाल ठिपका टाकला, यंत्र टिकटिकलं. मुलगा आकडे वाचत होता, दादा लिहून घेत होता.

“मॅडम, बाहेरची ही पडवी धरायची नाही.”

“का?”

“कार्पेट नाही ना येत. व्हरांडा धरत नाहीत.”

त्याचं कायद्याने बरोबर होतं. 2016च्या रेरा कायद्यातली चटईक्षेत्राची व्याख्या मला पाठ आहे. बाल्कनी, व्हरांडा, उघडी गच्ची, सगळं वजा. मीच रोज वजा करते. पण पावतीत पडवी होती. पडवीत आतोबा झोपायचे. पडवीत कुरडया वाळल्या, पडवीत ताईचं लग्न जमलं, पडवीत आजेसासूला ठेवलं होतं शेवटचं. दोन खणांत आठ माणसं राहू शकली ती पडवी आणि चौकाच्या जिवावर. समाईक हा शब्द पावतीत आहे तो उगाच नाही, ते भाड्यात धरलेलं होतं. नव्या इमारतीतही समाईक जागा असेलच : पार्किंग, लिफ्ट, पाण्याच्या टाक्यांची गच्ची. मी काढलेल्या अशा शंभरेक जागांत कोणी कुरडई वाळवलेली मला माहीत नाही.

मी हे मुलाला सांगितलं नाही. त्याच्या हातात काय होतं? दादाला सांगितलं. दादा म्हणाला, “अगं, मला लिफ्ट पाहिजे. माझे गुडघे बघ.” त्याच्या बायकोला स्वतःचं न्हाणीघर पाहिजे होतं, ज्याला आतून कडी लागते. ती एकवीस वर्षं या वाड्यात नांदली होती. वारज्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर पहिल्या दिवशी ती पाऊण तास आंघोळ करत होती असं दादा हसत सांगतो. ती हसत नाही.

मग मी गप्प माझं काम केलं. पद्धतीप्रमाणे टेपनेही मापलं, कारण लेसरवर माझा विश्वास असला तरी तळखड्यांवर नाही. दोन-अडीचशे वर्षांत ते थोडे इकडेतिकडे सरकतात. खणाचं माप खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत. पहिला खण 5 फूट 3 इंच, दुसरा 5 फूट 5 इंच. सुताराच्या हातची दोन इंचांची ती चूक, की मुद्दाम? दुसऱ्या खणात दार होतं. मुद्दामच असणार. खोली साडेतेरा फूट. म्हणजे 144 चौरस फूट. वही मिटता मिटता मला बरं वाटलं. प्रश्नाला उत्तर मिळालं होतं.

“पण मॅडम, माझं 139 येतंय.”

तो खांबाच्या अलीकडच्या कडेपर्यंत मोजत होता, मी मध्यापर्यंत. खांब नऊ इंची. साडेचार इंचांचा फरक, म्हणजे पाच चौरस फूट. एक वॉशिंग मशीन उभं राहील एवढी जागा.

हा खांब साधा नाही. त्याच्या अलीकडे आत्याचे दोन खण, पलीकडे शेजारच्या काकूंचे दोन, मधे फळ्यांची पार्टिशन बरोबर त्याच्या अंगावर टेकलेली. त्याला पडवीच्या बाजूला एक लोखंडी खुंटी आहे. वाळत घालायची दोरी त्या खुंटीला कोणी बांधायची यावरून आत्या आणि काकू तीस वर्षं भांडल्या. एकमेकींच्या बाळंतपणात जेवणाचे डबे दिले, पण खुंटीवर माघार घेतली नाही. एका सकाळी आत्याची दोरी असायची, दुसऱ्या सकाळी काकूंची, मधल्या रात्री कोणीतरी उठून गाठ सोडलेली.

काकू अजून तिथेच राहतात. एकट्या. ऐंशीच्या पुढे. आमची मापं चालली होती तेव्हा त्या पडवीत पाटावर बसून शेंगा सोलत होत्या आणि ऐकत नाही असं दाखवत होत्या.

“खांब धरायचा का नाही, मॅडम?” मुलाने परत विचारलं. “सर म्हणतील लोड-बेअरिंग आहे, सोडून द्या.”

“सोडून कसा द्यायचा?” दादा म्हणाला. “आमचाच आहे तो.”

शेंगा सोलायचा आवाज थांबला.

“अर्धा धरा,” काकू म्हणाल्या, मान वर न करता. “अर्धा आमचा आहे.”

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

“आणि काय रे मुला, माझं माप घेशील तेव्हा ती खुंटी माझ्या बाजूला लिही. ती अख्खी आमची.”

दादा काही बोलणार होता, मी त्याचा दंड धरला. मुलाने वहीत आधीचा आकडा खोडला, साडेचार इंच लिहिले आणि काकूंच्या दाराकडे लाल ठिपका वळवला.